गरजवंताला अक्कल नसते

अमेरिकेत एप्रिलअखेरचे तीन दिवस असे येतात की मैदानावर चेंडू नसतो, धावफलक नसतो, कुणी कुणाला आडवं पाडत नाही आणि तरीही लाखो माणसं फुटबॉल बघत बसलेली असतात. २०२४ साली डेट्रॉइटमध्ये हा न होणारा खेळ बघायला तीन दिवसांत मिळून पावणेआठ लाखांची गर्दी लोटली. बघायचं काय, तर एक गृहस्थ व्यासपीठावर येतात आणि चिठ्ठीवरचं नाव वाचतात. एनएफएलच्या ३२ व्यावसायिक संघांनी कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे, हा तो सोहळा. त्याला म्हणतात ड्राफ्ट. आयपीएलसारखा लिलाव इथे चालत नाही. खिसा कितीही जड असला तरी रांग मोडता येत नाही. गेल्या हंगामात जो सगळ्यांत वाईट खेळला त्याचा पहिला नंबर, जो जिंकला त्याचा शेवटचा, आणि अशा सात फेऱ्या. भांडवलशाहीच्या माहेरघरी समाजवाद सुखानं नांदतो तो एवढाच. या तीन दिवसांच्या आधी तीन-चार महिने कोण कुणाला घेणार याची भाकितं सुरू असतात. पहिल्या फेरीची आख्खी यादी आधीच मांडून दाखवायची, याला मॉक ड्राफ्ट म्हणतात. अशा याद्या इतक्या निघतात की त्यांच्यापुढे आपल्या दिवाळी अंकांतली राशिभविष्यं संयमी वाटावीत.

या सगळ्या भाकितांचा पाया एकच असतो: संघाची गरज. अमुक संघाचा बचाव गळका आहे, तमुक संघाचा क्वार्टरबॅक थकला आहे, मग ते दुसरं काय घेणार? तर्क बिनतोड दिसतो. घरात मीठ संपलं तर माणूस मीठच आणणार. माझं म्हणणं एवढंच आहे की हा बिनतोड तर्कच सगळ्या भाकितांचा घात करतो. भाकीत करणारे अडाणी नसतात. त्यातले बरेचजण वर्षभर डोळे फुटेपर्यंत खेळाडूंच्या चित्रफिती बघतात. पण ज्या संघांचं भाकीत करायचं, त्यांनाच आपली गरज नीट ठाऊक नसते. ठाऊक असली तर ते ती लपवतात. आणि लपवली नाही, तर तिच्या नादानं भलत्याच माणसाला घेऊन बसतात. गरजवंताला अक्कल नसते असं आपल्याकडे म्हणतात, ते म्हणणाऱ्यानं एनएफएल पाहिलेलं नव्हतं, एवढाच त्यात दोष.

पुराव्यादाखल क्वार्टरबॅकचीच गोष्ट घेऊ. चेंडू हातात घेऊन पुढचा डाव ठरवणारा हा खेळाडू. तो बरा असेल तर संघ तरतो, नसेल तर मॅनेजरची नोकरी जाते. २००५ साली ग्रीन बे पॅकर्सकडे ब्रेट फार्व्ह होता आणि १९९२ पासून त्यानं एकही सामना चुकवलेला नव्हता. क्वार्टरबॅकची गरज शून्य. पॅकर्सनी चोविसाव्या क्रमांकावर घेतला ॲरन रॉजर्स, म्हणजे क्वार्टरबॅकच. रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला आणि पुढे त्यानं संघाला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून दिला. सिॲटलनं २०१२ च्या मार्चमध्ये मॅट फ्लिन हा क्वार्टरबॅक पैसे मोजून आणला, गरज भागली. एप्रिलमध्ये तिसऱ्या फेरीत त्यांनी रसेल विल्सन उचलला, आणि दोन वर्षांच्या आत त्याच विल्सननं अंतिम सामन्यात डेन्व्हरचा ४३–८ असा फडशा पाडला. न्यू इंग्लंडकडे ड्रू ब्लेडसो ठणठणीत होता तेव्हा त्यांनी २००० साली १९९ व्या क्रमांकावर टॉम ब्रेडी नावाचं एक काटकुळं पोर घेतलं. पुढच्या वर्षी ब्लेडसोशी दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरच्या वरचा करारही केला. ब्लेडसो जखमी झाला, ब्रेडी आत आला आणि सात सुपर बोल जिंकून मगच थांबला. अटलांटानं २०२४ मध्ये तर कमाल केली. मार्चमध्ये कर्क कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार, आणि एप्रिलमध्ये आठव्या क्रमांकावर मायकेल पेनिक्स, तोही क्वार्टरबॅक. डिसेंबर उजाडेपर्यंत १८ कोटींचा माणूस बाकावर होता आणि बिनगरजेचा मैदानात.

यावर कुणी म्हणेल, गरज नसताना घेतलेले तेवढे निवडून सांगितले; गरज बघून घेतलेल्यांचं काय? जरूर सांगतो. डेट्रॉइट लायन्सना पळत जाऊन चेंडू झेलणारा रिसीव्हर हवा होता. २००३ साली त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर रिसीव्हर घेतला, २००४ साली सातव्या क्रमांकावर रिसीव्हर घेतला, २००५ साली दहाव्या क्रमांकावर रिसीव्हर घेतला. तिसऱ्या वर्षी त्यांच्या पाठोपाठ अकराव्या क्रमांकावर डॅलसनं डिमार्कस वेअर नेला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. लायन्सच्या तिघांपैकी कुणी तिकडे फिरकलं नाही. २००७ मध्ये लायन्सनी पुन्हा रिसीव्हरच घेतला. या वेळी मात्र कॅल्विन जॉन्सन हे खरंखुरं रत्न हाती लागलं. २००८ मध्ये, रत्न संघात असताना, लायन्स सोळापैकी सोळा सामने हरले. चेंडू झेलायची गरज भागली होती. फेकण्यापासून अडवण्यापर्यंत बाकी सगळ्या गरजा मधल्या काळात वयात आल्या होत्या.

हे असं का होतं? एक कारण वेळेचं. गरजेची यादी होते जानेवारी ते मार्चमध्ये, आणि खरी गरज उगवते सप्टेंबरनंतर, कुणाचा तरी गुडघा किंवा घोटा गेला की. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सचा दाखला यापेक्षा बोलका मिळणार नाही. २०२१ मध्ये त्यांनी मायामीला पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन तिसरा क्रमांक मिळवला आणि ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर त्यांनी ब्रॉक पर्डी घेतला. शेवटच्या माणसाला तिथे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’, म्हणजे बिनकामाचा गृहस्थ, म्हणून मिरवतात आणि हातातून चेंडू निसटणाऱ्या खेळाडूचा पुतळा बक्षीस देतात. मग सप्टेंबरात लान्सचा घोटा मोडला. डिसेंबरात त्याच्या जागी आलेल्या गॅरोपोलोचं पाऊल मोडलं, तेही मायामीविरुद्ध, ज्यांच्या घरी त्या तीन निवडी गेल्या होत्या. बिनकामाचे गृहस्थ मैदानात उतरले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोलपर्यंत जाऊन आले. लान्स त्याआधीच चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला गेला होता. आता सांगा, एप्रिल २०२२ च्या कुठल्या यादीत ‘तिसरा क्वार्टरबॅक, शक्यतो शेवटच्या क्रमांकावरचा’ अशी गरज लिहिलेली असणार?

दुसरं कारण म्हणजे मधे उभे असलेले बाकीचे एकतीस संघ. एकानं दुसऱ्याशी क्रमांकाची अदलाबदल केली की खालची आख्खी यादी कोसळते. कधी कधी तर घड्याळच दगा देतं. २००३ मध्ये सातव्या क्रमांकाच्या मिनेसोटाला १५ मिनिटांच्या मुदतीत नाव देता आलं नाही. अदलाबदलीच्या वाटाघाटी चालू राहिल्या, वेळ संपली आणि मागच्या दोन संघांनी झटपट चिठ्ठ्या देऊन आपापले खेळाडू नेले. मिनेसोटानं मग नवव्या क्रमांकावर केव्हिन विल्यम्स घेतला आणि तो पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या बचावाचा खांब ठरला. या गोंधळाचं भाकीत करायला पंचांग लागलं असतं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप सिनसिनाटीचा आहे. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांचा तरुण क्वार्टरबॅक जो बरो गुडघा फोडून घेऊन बसला, कारण त्याच्यापुढे उभं राहून मार अडवणारी फळी कच्ची होती. गरज आंधळ्यालाही दिसावी अशी. २०२१ मध्ये पेनाय स्यूअल हा दणकट लाइनमन समोर असताना त्यांनी पाचव्या क्रमांकावर घेतला जामार चेस, बरोचा कॉलेजातला जोडीदार आणि रिसीव्हर. जाणकारांनी कपाळावर हात मारून घेतला. त्याच हंगामात सिनसिनाटी सुपर बोलला पोचलं. अंतिम सामन्यात बरोला सात वेळा चेंडूसकट लोळवण्यात आलं आणि संघ तीन गुणांनी हरला. गरजवादी म्हणतात, बघा, फळी हवी होती. मी म्हणतो, चेस नसता तर हरायला तरी तिथपर्यंत पोचले असते का? हा वाद मिटण्यासारखा नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. सामना संपल्यावर, निकाल हातात असतानाही गरज कोणती होती यावर एकमत होत नाही. मग ती आधी ओळखून त्यावरून खेळाडूचं नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

पहिला क्रमांक तर बरोबर सांगतात ना, असं कुणी विचारेल. सांगतात. २०२० चा बरो, २०२४ चा केलेब विल्यम्स सगळ्यांना आधीच माहीत होते. पण संघानं जे जवळजवळ जाहीरच केलंय ते सांगण्याला भाकीत म्हणायचं, तर कॅलेंडर बघून एकादशी सांगणाराही त्रिकालज्ञानी ठरेल. पहिल्या फेरीतले खेळाडू एकंदरीनं सातव्या फेरीतल्यांपेक्षा सरस निघतात, हेही मला मान्य आहे. हवामान खातं चार महिन्यांचा पाऊस सरासरीइतका होईल म्हणतं आणि तो होतोही. त्यावरून मंगळवारी आपल्या वाफ्यावर सर येईल का, हे कळत नाही. पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी हा हिशेब कागदावर मांडला. एकाच जागेसाठी लागोपाठ उचललेल्या दोघांपैकी आधी उचललेला सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त असते, आणि वरच्या क्रमांकांसाठी संघ त्यांच्या लायकीपेक्षा फार जास्त मोजतात, असं त्यांना आढळलं. शोधनिबंधाच्या नावात ‘हरणाऱ्याचा शाप’ आहे. हरणाऱ्याला मिळणारं बक्षीसच त्याला कसं भोवतं, याचं इतकं नेमकं वर्णन शापवाणीतही सापडायचं नाही.

तरी मोजमापांवरची श्रद्धा ढळत नाही. दरवर्षी इंडियानापोलिसला खेळाडूंना बोलावून ४० यार्ड पळवतात, उड्या मारायला लावतात, वजनं उचलायला लावतात. शिवाय क्वार्टरबॅकचा पंजा मोजतात: बोटं ताणून हात पसरायचा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी लावायची. बरोचा पंजा नऊ इंच भरला तेव्हा त्यानं जाहीर केलं की एवढ्याशा हातांतून चेंडू निसटणार असल्यामुळे आपण निवृत्तीचा विचार करतो आहोत. २०२२ मध्ये केनी पिकेटचा पंजा साडेआठ इंच भरला आणि अर्ध्या इंचावरून देशभर खल झाला. पिट्सबर्गनं त्याला विसाव्या क्रमांकावर घेतलं आणि दोन हंगामांत देऊनही टाकलं. फिलाडेल्फियात राखीव म्हणून बसलेल्या पिकेटला फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलची अंगठी मिळाली. बोटाला ती बसली, एवढं पुरे. ज्या गोष्टीनं खरोखर फरक पडतो, ती पट्टीवर येतच नाही. १९३६ च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियानं पहिलं नाव घेतलं जे बर्वांगरचं. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, संघाला त्याची पुरेपूर गरज. बर्वांगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पैशाचं जमेना, तो रबराच्या धंद्यात गेला. संघाला त्याची गरज होती, त्याला संघाची नव्हती. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलाच धडा हा, आणि तो अजून कुणी गिरवलेला नाही.

मग भाकीत करणाऱ्यांनी दुकान बंद करावं का? मुळीच नाही. १९९४ मध्ये ईएसपीएनचे मेल काइपर इंडियानापोलिस कोल्ट्सवर भर कार्यक्रमात तुटून पडले: क्वार्टरबॅकची गरज असताना बचावाचा खेळाडू काय घेता? कोल्ट्सचा कारभार पाहणारे बिल टोबिन संतापून कॅमेऱ्यासमोर म्हणाले की हा काइपर कोण लागून गेला. बचावाचा तो खेळाडू, ट्रेव्ह अल्बर्ट्स, दुखापतींमुळे तीन हंगामांत संपला. म्हणजे टोबिन चुकले. पण हाताशी असलेल्याच क्वार्टरबॅकनं पुढच्या वर्षीच्या हंगामात कोल्ट्सना सुपर बोलच्या एक पायरी खालीपर्यंत नेलं. म्हणजे काइपरही चुकले. हिशेब बरोबरीत सुटला. फरक एवढाच की १९९७ अखेर कोल्ट्सचा कारभार दुसऱ्याच्या हाती गेला, आणि १९८४ पासून ईएसपीएनवर असलेले काइपर २०२५ मध्येही तिथेच बसून शेडूर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत न गेल्याबद्दल कळवळत होते. सँडर्स १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलँडला गेला, ज्यांनी त्याच ड्राफ्टमध्ये आधीच एक क्वार्टरबॅक घेतला होता. त्या मे महिन्यात क्लीव्हलँडकडे, एक जखमी धरून, पाच क्वार्टरबॅक होते आणि तरी क्वार्टरबॅकचा प्रश्न सुटलेला नव्हता. निर्णय घेणाऱ्याची नोकरी चुकांनी जाते, भाकीत करणाऱ्याची चुकांवरच चालते. त्यामुळे धंदा निवडायचा असेल तर कोणता, हे वेगळं सांगायला नको.

गरजेच्या यादीला माझा विरोध नाही. तिच्याकडून भलती अपेक्षा करायला आहे. ती गेल्या हंगामाचा शोकप्रस्ताव आहे: कुठे मार बसला, कोण दमलं, कशानं जीव जळला. म्हणून ती वाचनीय असते. पुढच्या एप्रिलचं खात्रीलायक भाकीत हवंच असेल तर एकच आहे आणि ते कोणत्याही यादीवर अवलंबून नाही. कमिशनर रॉजर गुडेल नाव वाचायला व्यासपीठावर आले की सगळे चाहते, संघ कोणताही असो, एकमुखानं त्यांची हुर्यो उडवतात. २०२० मध्ये करोनामुळे ते स्वतःच्या घराच्या तळघरातून नावं वाचत होते, तेव्हा चाहत्यांनी पडद्यावरून हुर्यो पाठवली आणि गुडेलनीच त्यांना आणखी जोरात म्हणून चेतवलं. बत्तीस संघांची निकड कुणाला सांगता येत नसेल, पण तिथल्या प्रेक्षकांना कशाची गरज आहे हे निदान गुडेलना तरी पक्कं कळलेलं आहे.