उबुंटूभाऊ

चांदूर रेल्वेत त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. उबुंटूभाऊ म्हणतात. कापूस वेचणारा रोबो बनवायचा, हा संकल्प त्यानं २०२० च्या टाळेबंदीत सोडला. वेचणीला बाया मिळत नाहीत ही रड इथल्या प्रत्येक ओसरीवरची; पण उपाय करायला बसलेला हा एकटाच. सांगाडा महिन्याभरात उभा राहिला. सायकलची चार चाकं, भंगारातल्या वायपरच्या दोन मोटारी, वर पत्रा. मग प्रश्न आला, ऑपरेटिंग सिस्टम कोणती? तिथून गाडा हललेला नाही.

"काकाजी, रोबोवाले रॉस वापरतेत. रोबोट ऑपरेटिंग सिस्टम. पन ते ऑपरेटिंग सिस्टम नायीच!"

"मग नाव तसं का?"

"आपल्या गावाच्या नावात रेल्वे हाये. म्हनून गावाले चाकं हायेत काय?"

पटलं. खाली लिनक्स लागतं, त्यावर रॉस बसतं आणि कॅमेऱ्याचा निरोप मोटारीला पोचवतं. आता खालचं लिनक्स कोणतं? नोएटिक नावाच्या रॉसला उबुंटू २०.०४ हवं. ते त्यानं घोटून घोटून पाठ केलं. पाठ होईतो मे २०२५ उजाडला आणि नोएटिकची मुदतच संपली. रॉसच्या आवृत्त्यांना कासवांची नावं देतात. या घरात ती शोभतात. हंबल घ्यावं तर उबुंटू २२.०४, जाझी घ्यावं तर २४.०४. की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायचीच सिस्टम टाकावी? पत्रिका जुळवण्यात वर्षं जातात, होकार कळवेपर्यंत स्थळाच्या घरी बारसं. म्हणीतल्या, बाजारात तुरी असताना भांडणाऱ्या भटाचंही निदान तूर कोणत्या वाणाची यावर अडलं नव्हतं.

"अरे, टाक कोणतीही," मी एकदा म्हटलं. तो दुखावला.

"अन् रियल टाइमचं काय? फाटक गाडी याच्या आंदी लागलं पायजे. गाडी गेल्यावर लागलं तं काय कामाचं?"

साधं लिनक्स वेळेची अशी हमी देत नाही. ती सोय मूळ लिनक्समध्ये यायलाच २०२४ साल लागलं. फ्रीआरटीओएस वेळ पाळतं, पण चिमुकल्या चिपसाठीचं. कॅमेऱ्यातलं बोंड ओळखण्याचं ओझं त्याला कसं पेलायचं? शिवाय, तो आवाज खाली आणून सांगतो, १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरवर व्हीएक्सवर्क्स होती, खास वेळ पाळणारी. तरी एक किरकोळ काम महत्त्वाच्या कामाची वाट अडवून बसलं आणि यान पुन्हा पुन्हा रीसेट होत राहिलं. दुरुस्ती पृथ्वीवरून धाडावी लागली.

आतून त्याच्या आईनं विचारलं, "तती पऱ्हाटी हाये काय रे?"

यंदाच्या उन्हाळ्यात तिनं सांगाड्यावर मुंगवड्या घातल्या. ऊन सरकेल तसा ती अंगणात गाडा ढकलायची. चाकं झकास फिरतात, हे तेव्हाच कळलं. परवा अवकाळी आला. पहिला थेंब पत्र्यावर वाजला न वाजला तोच म्हातारीनं गाडा ओसरीत ओढला. एक वडी भिजली नाही.

उबुंटूभाऊ अंगणातच बाजेवर, मांडीवर लॅपटॉप. भारावून म्हणाला, "पाह्यलं काकाजी? याले म्हनतेत रियल टाइम!"

"तू उठतं का आता," म्हातारी ओरडली, "का ततीच भिजतं?"

"थांब ना माय, अपडेट चालू हाये."