गुडघ्याच्या वर तीन इंच

डोंबिवलीत पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला अर्ध्या चड्डीत हिंडण्याचा अधिकार घटनेच्या कुठल्या कलमाने दिला आहे, हे एकदा शोधायला हवं. तो बर्मुडा घालून दूध आणतो, बर्मुडा घालून सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चावरून भांडतो आणि मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांचं स्वागतही त्याच बर्मुड्यात करतो. त्याच्या पोटऱ्या रेखीव आहेत का, हा रंग त्याच्या वयाला शोभतो का, असले प्रश्न कुणालाही पडत नाहीत. त्याला तर नाहीच नाही.

त्याच डोंबिवलीतल्या भिशीच्या चौघींनी मात्र मे महिन्यात गोव्याला जायचं आणि तिथे शॉर्ट्स घालायच्या असं ठरवलं, तेव्हा त्या ठरावावर लागोपाठ दोन भिश्या चर्चेत गेल्या. साबुदाणा वडे निवाले, पण एकमत होईना.

कल्पना धाकटीची. धाकटी म्हणजे वय वर्षं एक्कावन्न. भिशीत तिच्याहून लहान कुणी नाही म्हणून ती धाकटी. दुसऱ्या बँकवाल्या काकू, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, पण अजून प्रत्येक कागदावर सही कुठे आहे ते आधी बघणाऱ्या. तिसऱ्या गणिताच्या बाई, यांनी अर्ध्या डोंबिवलीला लसावि शिकवला आहे. आणि चौथ्या मोठ्या वहिनी, वय चौसष्ट, माहेर कुडाळचं, दोन्ही गुडघे बदललेल्या. विरोध त्यांच्याकडूनच होणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वहिनी म्हणाल्या, "एवढे पैसे मोजून कोबाल्ट-क्रोमियमचे गुडघे बसवून घेतले, ते काय साडीखाली झाकून ठेवायला?" ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, आणि वहिनींचे गुडघे त्याच्या आधीचे. त्यामुळे ते वसूल करण्याची तळमळ त्यांना जरा जास्तच होती. ठराव मंजूर झाला.

गाडी मांडवी एक्सप्रेस. ही गाडी खाण्यासाठी नावाजलेली आहे, आणि कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी असल्यामुळे समोरच्या गाडीला वाट देत थांबतही जाते. म्हणजे खायला भरपूर वेळ मिळतो. ठाण्याला चढल्या चढल्या वडे झाले, चिपळूणच्या आधी ऑम्लेट झालं, आणि मग धाकटीने पिशवीतून नमुना म्हणून आणलेली शेवाळी रंगाची शॉर्ट्स बाहेर काढली. ती चौघींच्या हातांतून फिरू लागली. समोर कुडाळला उतरणारे एक गृहस्थ होते. सभ्यपणे ते खिडकीबाहेर बघू लागले. पण कोकण रेल्वेवर बोगदे नव्वदाहून अधिक, आणि बोगद्यात खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसतं. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. तेवढा वेळ बिचाऱ्यांनी गाडीची साखळी ओढण्याबद्दलची सूचना मराठीत, हिंदीत आणि पुन्हा मराठीत वाचून काढली.

"लांबी किती असावी, हा मूळ प्रश्न आहे," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्या कुठेही जाताना पूर्वतयारी करून जातात. अटलांटिक महासागरातल्या बर्मुडा बेटांवर, त्यांनी सांगितलं, ही विजार म्हणजे पुरुषांचा रीतसर पोशाख आहे. उष्ण मुलखातल्या ब्रिटिश सैनिकांच्या खाकी अर्ध्या विजारींवरून ती चाल तिथे पडली. वर कोट आणि टाय, पायात गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे, मध्ये बर्मुडा, आणि तिची लांबी गुडघ्याच्या वर साधारण तीन इंच. ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या संचलनातही त्यांचा चमू लाल बर्मुडा घालून चालतो. टोकियोत २०२१ मध्ये त्यांच्या फ्लोरा डफीने ट्रायथलॉन जिंकून त्या बेटांना पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं.

"कोट, टाय आणि चड्डी?" बँकवाल्या काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्या शाखेत असा मॅनेजर आला असता तर मार्चअखेरीला एकाही खात्याचा मेळ बसला नसता."

तेवढ्यात धाकटीला पी. टी. उषा आठवली. या वयाच्या बायकांना उषाची आठवण काढायला निमित्त लागत नाही. १९८४ साली लॉस एंजेलिसला चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या कित्येक मुली आपलंच काही हरवल्यासारख्या हळहळल्या होत्या. १९८६ च्या सोलच्या आशियाई स्पर्धेत तिने चार सुवर्णपदकं घेतली, तेव्हा ज्याच्या घरी दूरदर्शन संच त्याच्या घरी आख्खी चाळ जमायची. आजोबा सगळ्यांत पुढे बसायचे. "उषाने काय घातलंय यावर कुणी चकार शब्द काढला नाही," धाकटी म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी मी फ्रॉक घालून गच्चीवर गेले, तर तेच आजोबा म्हणाले, घोडी झालीस, आता परकर नेस."

मोठ्या वहिनी इतका वेळ दाण्याची चिक्की मोडत होत्या. त्यांनी कुडाळची आजी काढली. भाताच्या लावणीला आजी लुगडं गुडघ्याच्या वर खोचून दिवसभर चिखलात उभी असायची, आणि बांधावरून जाणारे खोत, मास्तर, पोस्टमन तिच्याशी त्याच अवतारात बोलून पुढे जायचे. मुंबईच्या कोळणींचा काष्टा तसाच. गोव्यातल्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची साडी तशीच आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसायची, म्हणजे शेतात पाय मोकळे. ती साडी विस्मरणात चालली असताना गोव्याचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास तिला पुन्हा विणकरांच्या मागावर आणि तिथून फॅशन शोच्या मंचावर नेलं. बारामतीच्या लता करे तर साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या तपासणीच्या खर्चासाठी, नऊवारी नेसून अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला.

"म्हणजे बघा," वहिनी म्हणाल्या, "चिखलात उभं राहायला गुडघा चालतो, पदकासाठी पळायला चालतो, औषधाला पैसे हवेत म्हणून धावायलाही चालतो. नुसतं वाळूत बसून शहाळं प्यायला तेवढा चालत नाही."

कुडाळचे गृहस्थ उतरताना म्हणाले, "वहिनी, चालतो हो." आणि पुढे काही विचारलं जाण्याआधी बॅग घेऊन दाराशी गेले.

कोलव्याच्या किनाऱ्यावरची दुकानं म्हणजे नारळाची झाडं, हत्ती, कासवं आणि 'गोवा' ही अक्षरं छापलेल्या कापडांची रांग. दुकानदाराने पहिल्याच वाक्यात "फ्री साइझ आहे मॅडम" म्हटलं आणि गणिताच्या बाई थबकल्या. "फ्री म्हणजे किती इंच?" दुकानदाराने इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. बाईंच्या मते हे उत्तर नव्हतं, उदाहरण होतं. त्यांनी पर्समधून टेप काढली.

खरेदीत एक गोष्ट ध्यानात आली ती अशी की माप कंबरेचं घेऊन उपयोग नाही, सीटचं घ्यावं. कंबर नाडीने आवळता येते, सीट कशानेच सैल होत नाही. दुसरी गोष्ट मांड्यांची. फार आखूड आणि घट्ट शॉर्ट्स चालताना आतून वर चढते, मांड्या एकमेकींवर घासतात आणि संध्याकाळपर्यंत घामोळ्याच्या पावडरीचा डबा शोधावा लागतो. कापड गुडघ्याच्या जवळपास येत असेल आणि पायाचा घेर सैल असेल तर ते मधे टिकून राहतं. बर्मुडातल्या साहेबांचा तीन इंचांचा नेम डोंबिवलीच्या मांड्यांना असा लागू पडला. मे महिन्यात गोव्यात पारा मुंबईसारखाच तेहेतीस-चौतीसच्या आसपास असतो, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि वाळत नाही म्हणून अंग गार होत नाही. तेव्हा वारा आत शिरेल असं सुती किंवा लिननचं सैल कापडच बरं. लिनन जवसाच्या खोडाच्या धाग्यांचं, लवकर वाळतं, पण बसल्याजागी चुरगळतं. धाकटीच्या लिननला पडलेल्या सुरकुत्या बघून काकूंनी हॉटेलात इस्त्री मागितली. "काकू, ती तशीच घालायची असते," धाकटी म्हणाली. "मग इस्त्रीची पण असते की," काकू म्हणाल्या.

काकूंनी स्वतः मात्र बायकांच्या विभागाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायकांच्या शॉर्ट्सना खिसे असतात, पण त्यात फार तर लवंग मावते. काकूंना पाकीट, मोबाइल, चष्म्याचं घर आणि रक्तदाबाच्या गोळ्या ठेवायच्या होत्या. त्यांनी पुरुषांची सहा खिशांची खाकी बर्मुडा उचलली. "अंकलची कंबर किती?" दुकानदाराने विचारलं. "अंकल घरी आहेत," काकू म्हणाल्या, "आणि त्यांच्याकडे नऊ आहेत."

पहिल्या संध्याकाळी चौघी बाहेर पडल्या तेव्हा एकेकीचं तंत्र दिसलं. धाकटीने लिननवर पांढरा सैल शर्ट घातला, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. वर सैल आणि खाली नीट असं ते जमलं होतं. गणिताच्या बाईंनी लाजेखातर शॉर्ट्सवर आपला नेहमीचा कुर्ता चढवला. कुर्ता गुडघ्यापर्यंत, शॉर्ट्स त्याच्या आत गडप. लांबून बघणाऱ्याला वाटावं, की बाई सलवार घालायला विसरल्या. "यापेक्षा चड्डी दिसलेली बरी," असा निकाल देऊन वहिनींनी त्यांना कमरेशी संपणारा टॉप घालायला लावला. वहिनींच्या गुडघ्यांवरचे उभे व्रण आता जुने झाले होते. व्रण ताजे असतात तोवर, निदान पहिलं वर्षभर, त्यांना उन्हापासून जपावं लागतं, नाहीतर ते काळे पडतात. तरीही त्यांनी दोन्ही गुडघ्यांना सनस्क्रीन असं चोपडलं, की लहान पोरं वळून बघू लागली.

खरी अडचण पायांच्या रंगाची निघाली. पावलांवर कोल्हापुरीच्या पट्ट्यांचे गोरे ठसे, बाकी पाऊल सावळं, आणि घोट्याच्या वर दहावीनंतर ज्याला ऊनच लागलं नाही असा पांढराफटक प्रदेश. त्यात जोडवी. रशियाच्या, इंग्लंडच्या, दिल्लीच्या पर्यटकांमध्ये या चौघी कुठल्या हे अर्ध्या किलोमीटरवरून कळत होतं.

फोटो काढताना सगळ्यांनी कमरेपर्यंतच काढायचे असं ठरलं होतं. धाकटीने घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो पायांसकट गेला. पाच मिनिटं ग्रुपवर शांतता. मग सुनेचे टाळ्यांचे हात आले, मुलाचा अंगठा आला आणि नवऱ्याचं उत्तर आलं: "टोपी छान आहे."

मंगेशीला जाताना प्रश्न उद्भवला नाही. गोव्यातल्या मोठ्या देवळांत आणि जुन्या गोव्याच्या चर्चमध्येही पाय झाकूनच जायचं, हे चौघींना पाठ होतं. वहिनींनी बॅगेतून चार सुती साड्या काढल्या. "तुम्ही चार दिवसांसाठी चार साड्या आणल्यात?" "चौघींसाठी चार," वहिनी म्हणाल्या. प्रियोळच्या त्या देवळासमोरच्या सात मजली दीपस्तंभाखाली काढलेला फोटोही घरच्या ग्रुपवर गेला. त्यावर मात्र नवऱ्याने तीन बदाम टाकले.

शेवटच्या सकाळी किनाऱ्यावर रापण चालली होती. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेलं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी ओढून काठावर आणायचं, म्हणजे रापण. एक जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी लागते, त्याच्या आधीचे हे दिवस. दोराला हात लावेल तो आपला, असा तिथला रिवाज. धाकटी आधी लागली, मग काकू, मग टाचा वाळूत रोवून गणिताच्या बाई. वहिनींनी ओढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या काठावर उभ्या राहून "हां, ओढा" म्हणत होत्या. लाटा मांड्यांपर्यंत येत होत्या. साडी परकराशी खोचून दोर ओढणाऱ्या एका म्हातारीने काकूंच्या बर्मुड्याकडे निरखून पाहिलं आणि कोंकणीत विचारलं, की एवढ्या खिशांत काय ठेवता. काकूंनी एकेक खिसा उघडून दाखवला. म्हातारी हसून हसून दोर सोडून बसली.

वाटणीत चौघींना नऊ बांगडे मिळाले. नऊ भागिले चार, गणिताच्या बाई पुटपुटल्या. शिवाय त्या स्वतः शाकाहारी, म्हणून नऊ भागिले तीन, निःशेष. पण पिशवी कुणाकडेच नव्हती. चौघींच्या नजरा काकूंकडे वळल्या. रक्तदाबाच्या गोळ्या, मोबाइल आणि चष्म्याचं घर वहिनींच्या हातात गेलं, आणि बांगडे खिशांत.

हॉटेल गणिताच्या बाईंनी बुक केलेलं, म्हणजे शुद्ध शाकाहारी. तेव्हा बांगडे जवळच्या शॅकवर तळायला दिले. तळण्याचे पैसे किती, यावर बाईंनी पंधरा मिनिटं घासाघीस केली: मासे आमचे, तेल तुमचं, मग हा भाव रव्याचा की मिठाचा? शेवटी सौदा ठरला. काकूंनी मागच्या खिशातून पाचशेची नोट काढून पुढे केली. शॅकवाल्याने ती दोन बोटांत धरली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "बाय, सुट्टे नाहीत."