गाडीला जुंपलंय कोण?

"ओवीच्या आई, ओ ओवीच्या आई! काल तुमची पोरगी आमच्या दारातनं मुसमुसत का गेली म्हणायची?"

"तुमच्या शौर्यलाच विचारा की काकू. तो म्हणाला तिला, मुलींना शिंगं नसतात."

"आता गं बया! कसली शिंगं?"

"अहो, शाळेत नाताळचा कार्यक्रम आहे. सांताक्लॉजची गाडी ओढणारी रेनडिअर व्हायचंय मुलांना. ओवीनं हात वर केला, तर शौर्य सगळ्यांदेखत म्हणाला, हरणांत शिंगं फक्त नराला असतात, आमच्या रानात येऊन बघ."

"मग खोटं काय बोललं लेकरू? आजोबाच्या मागं मागं रानात हिंडतंय ते. कळपात एक काळा, पिळाच्या शिंगांचा, अन् भवतीनं सगळ्या तांबूस, बोडक्या माद्या. हरभऱ्याचे शेंडे खाऊन जातात मेल्या. हे रात्री राखणीला जातात, पर करायचं काय? दगड भिरकवायची चोरी. सलमान खानचं काय झालं, बघितलं न्हवं?"

"१९९८ची ती काळविटाची शिकार. २०१८ला जोधपूरच्या कोर्टानं पाच वर्षं सुनावली."

"अन् दोन दिवसांत जामिनावर सुटला, ते पण सांगा. आमच्या ह्यांना कोण सोडवायला येतंय?"

"पण काकू, शौर्यचं म्हणणं काळविटापुरतं बरोबर आहे. रेनडिअर वेगळं जनावर. नॉर्वे, फिनलंड, रशिया, तिकडच्या बर्फातलं. सामी नावाचे लोक त्यांचे कळप राखतात. ज्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, त्या हरणांत ही एकच जात अशी, की मादीलाही शिंगं असतात."

"काय सांगताय!"

"पुढचं ऐका. तिकडं नर पानगळीच्या दिवसांत माजावर येतात, शिंगांनी झुंजतात. माज उतरला, की वयात आलेल्या नरांची शिंगं नोव्हेंबर-डिसेंबरात गळून पडतात. माद्यांची मात्र हिवाळाभर राहतात. त्या गाभण असतात ना. खुरानं बर्फ उकरून चारा काढायचा आणि दुसऱ्यानं येऊन हुसकायचं, असं व्हायला नको. म्हणून शिंगं."

"थांबा, थांबा. हे नाताळ कधी असतंय? २५ डिसेंबरला. अन् चित्रात तर त्या गाडीच्या समद्या जनावरांना शिंगं असतात."

"तेच तर म्हणतेय."

"म्हंजे बायाच! गाडी ओढायची बायांनी, अन् हार-तुरे त्या दाढीवाल्याला! अहो, ऐकलं का? ते सांताक्लॉजच्या गाडीला बाया जुंपल्यात!"

पडवीतल्या बाजेवरून काकांचा आवाज आला, "बैल असतील. गाडीला काय मोकळा वळू जुंपतंय व्हय कुणी?"

"काकांचंही खरं आहे हो. सामी लोक गाडी ओढायला बहुतेक खच्ची केलेले नर वापरतात. त्यांचीही शिंगं हिवाळ्यात टिकतात."

"म्हंजे एक तर बाया, न्हाय तर बैल. अंगावर कामं पडणारी हीच दोन. जगात कुठंबी जावा!"

"आणि गाडी म्हणजे तरी काय, बिनचाकाची घसरगाडी. १८२३च्या एका इंग्रजी कवितेनं तिला आठ रेनडिअर जोडली, तेव्हापासून ती आठ झाली. लाल नाकाचा रुडॉल्फ तर फार नंतरचा. १९३९ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानासाठी रॉबर्ट मे नावाच्या माणसानं ती गोष्ट लिहिली, नाताळात मुलांना फुकट वाटायला."

"आपल्याकडं सराफ दिवाळीला कॅलेंडर देतो, तसंच की मग हे! पर लाल नाक कशाला म्हणे? सर्दी?"

"थाप आहे, पण अगदीच बिनबुडाची नाही. खऱ्या रेनडिअरच्या नाकात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्यामुळं एवढ्या थंडीत नाक गोठत नाही."

"अन् त्या बर्फात खातंय काय ते?"

"दगडफूल."

"आपल्या काळ्या मसाल्यातलं?"

"त्याच घराण्यातलं. शेवाळ आणि बुरशी एकमेकांच्या आधारानं वाढतात, ते दगडफूल. बर्फाखाली तेच मिळतं त्यांना."

"आम्ही चिमटीनं मोजून टाकायचं, अन् हे मेलं बचकं भरून खातंय! बरं, आता पोरीला शिंगं कशी करायची?"

"शाळेनं फोटो पाठवलाय. पुठ्ठ्याची नळी, चॉकलेटी कागद, बाजारातले लाल गोंडे. मी म्हटलं, विकत काही आणायचं नाही. रेनडिअरच्या शिंगांना फांद्या फुटलेल्या असतात. तुमच्याकडच्या दोन तुराट्या द्या, चांगल्या फाटे फुटलेल्या."

"दोन कशाला, पेंढी घेऊन जा. अन् अंगाला कडब्याचं धाट घ्या. आम्ही बारक्यापणी धाटाच्या बैलगाड्या करायचो. साल सोलायची, आतला पांढरा गाभा कापायचा, अन् खिळे म्हणून बाभळीचे काटे. चाकं फिरायची बरं का! आता त्यालाच चाकं न लावता केली, की झाली तुमची घसरगाडी."

"हेच शौर्यकडून करून घ्या तुम्ही. आणि त्याला एक काळवीटही करायला लावा. काळविटाच्या शिंगाला फांदी नसते, पीळ असतो. दोन काड्यांवर सुतळी घट्ट गुंडाळली, की वेढे आपोआप दिसतात. मात्र ती डिंकानं पक्की चिकटवायची. काळविटाचं शिंग आत हाडाचं, वर नखाच्या पदार्थाची खोळ, जन्मभर गळत नाही. रेनडिअरचं निव्वळ हाड. दरवर्षी गळतं, दरवर्षी नवं येतं, आणि वाढताना त्यावर मखमलीसारखी मऊ कातडी असते. म्हणून तुराट्या नुसत्या खोचायच्या, काढता-घालता येतील अशा. मग फरक पाठ करून घ्यावा लागत नाही."

"तुम्ही मास्तरणी! लेकराचा खेळ म्हणून सुरू करता, अन् धडा करून सोडता."

"पुढच्या रविवारी दोघांना रेहकुरीला नेणार आहे. कर्जतजवळ, खास काळविटांचं अभयारण्य. १९८०चं आहे. जागा २१७ हेक्टरच, पण गवताचा माळ असल्यानं लांबून कळप दिसतात. १९७९ला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य केलं, तेव्हा आपल्या करमाळ्याचाही भाग त्यात धरला होता. माळढोकासाठी राखलेल्या त्या माळावर माळढोक विरळ झाला, काळवीट मात्र टिकलं."

"आमच्या हरभऱ्यातच बघा म्हणावं, तिकीट न्हाय काय न्हाय! बरं, डब्याला काय?"

"तेही रेनडिअरचंच हवंय! फोटोत परदेशी बिस्किटं आहेत."

"हात्तिच्या! बेसनाचा लाडू वळायचा, जरा लांबट. डोळ्याला काळ्या मनुका. नाकाला डाळिंबाचा दाणा. शिंगांना चकलीचे तुकडे खोचायचे. पोरं नाकं आधी खातील बघा."

"चकली वळणाची, म्हणजे ते काळवीट झालं काकू."

"मग लाल नाकाचं काळवीट म्हणा! माझ्या लाडवात तुमची परीक्षा नको. आता शौर्यचं काय करायचं ते सांगा. त्याला पण रेनडिअरच व्हायचंय, घरात शिंगं शोधत फिरतोय."

"होऊ दे की. फक्त डिसेंबर आहे, तेव्हा त्यानं बिनशिंगाचं उभं राहायचं. शिंगं ओवीला."

"बरी जिरली! आत्ताच सांगते त्याला."

"पण काकू, एक गोष्ट आपल्या दोघींतच राहू दे. नराचं वय लहान असलं, तर त्याची शिंगं हिवाळ्यातही लवकर गळत नाहीत. हे शौर्यला कार्यक्रम होईपर्यंत कळायला नको."

"मी कशाला सांगतीय? माझ्या पोटात गोष्ट कशी राहते, ते अख्ख्या करमाळ्याला ठाऊक हाय!"

बाजेवरून काका जोरात खोकले.