सहा पाटोड्यांचा तपास

रेडिंग, इंग्लंड
9 फेब्रुवारी 2025

ती. आई, बाबा आणि आजीस,


बाबा, मागच्या रविवारी ऐन मोक्याला ढाणकीची रेंज गेली आणि तेव्हापासून तुमचे अकरा मेसेज आले. सगळ्यांत एकच प्रश्न: चोर कोण? फोनवर सांगता आलं असतं. पण आजी अर्धं ऐकते आणि पूर्ण सांगते. तिच्याकडून शेजारी, शेजारून आठवडी बाजारात जाईपर्यंत माझ्या पाटोडीची सोन्याची पाटली झालेली असेल. म्हणून सगळं कागदावर लिहिते आहे.

इथलं आमचं मंडळ लहान. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. आमचं वय आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपएवढंच. हॉल तासाच्या भाड्यानं मिळतो, म्हणून हळदीकुंकू आणि पाककला स्पर्धा एकाच दुपारी उरकली. विषय होता ‘आपल्या गावची चव’. फॉर्मवर मी ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ असं ऐटीत लिहिलं. नागपूरचे भाऊ वाचून म्हणाले, “म्हणजे आमच्याकडचंच.” पुण्याच्या काकू म्हणाल्या, “नाही हो, हे नांदेडजवळ येतं.” पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ आणि पलीकडे मराठवाडा, हे मी नकाशा काढून समजावलं. त्यावर सोलापूरच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे नक्की कुठलीच नाहीस तू.”

मी पाटोडी रस्सा केला होता. आई, तू सांगितलंस तस्सं: बेसन गुठळी न होऊ देता घोटलं, तीळ-खोबरं-कोथिंबीर, ताटाला तेल लावून थापलं, शंकरपाळ्यासारखं कापलं. मोजून चोवीस. हळद अर्थातच घरची, मागच्या वर्षीची. रस्सा वेगळ्या भांड्यात, कारण आधीच सोडली तर पाटोडी फुगून परीक्षकांपर्यंत तिचं पिठलं होतं. यंदा तूप मात्र इथलंच वापरलं. भारतातून दुधाचं काहीही आणायला इथं बंदी आहे, हे आईला मी तिसऱ्यांदा सांगते आहे. मुगवड्यांच्या पिशवीत लपवलेली ती तुपाची बरणी विमानतळावर माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ना, आई, तसं पुन्हा करू नकोस.

पदार्थ स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर मांडले आणि आम्ही बायका हळदीकुंकवाला बाहेर आलो. सव्वादोनला परत गेले तर ताटात अठरा. सहा पाटोड्या गायब, आणि त्याही कडेच्या नाहीत, मधल्या. म्हणजे घाईनं उचललेल्या नव्हत्या. निवडून उचलल्या होत्या.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. या देशाला खाण्याच्या चोरीचं भारी वेड आहे. ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ नावाचा कार्यक्रम असतो, तंबूत केक भाजायची स्पर्धा. 2013 साली तिथं एका बाईनं चुकून शेजाऱ्याचं कस्टर्ड आपल्या ट्रायफलमध्ये ओतलं. 2014 साली एकाचं आइस्क्रीम दुसरीनं फ्रीजरबाहेर काढलं, ते वितळलं, आणि त्या बहाद्दरानं रागात सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकून तो डबाच परीक्षकांपुढे नेऊन ठेवला. लोकांनी शेकड्यांनी तक्रारी केल्या. वर्तमानपत्रांना आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तेव्हा आमच्या मंडळातही तपास सुरू झाला याचं नवल वाटून घेऊ नका. बाबा, तुमच्या ट्रंकेतल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या गोष्टी वाचून मी वाढले. मीच पुढे झाले.

पहिला संशय नागपूरच्या भाऊंवर. पाटोडी ही मुळात नागपूरचीच, असं ते सकाळपासून तीनदा म्हणाले होते, म्हणजे हक्क सांगायला उचलली असेल. पण भाऊच काय, एकूणएक पुरुष दीड वाजल्यापासून कोपऱ्यात एका फोनभोवती कोंडाळं करून बसले होते. वानखेडेवर अभिषेक शर्मा इंग्लंडला धूत होता, 54 चेंडूंत 135. बाबा, तुम्हीही बघतच होता, म्हणून तर आजीला फोन द्यायला कुरकुरलात. त्या खेळीत कोण जागचा हलेल? तुमचे जावई तर षटकार पाहताना चहाचा कप तोंडाऐवजी कानाला लावत होते. पुरुष सुटले.

मग बायका. सोलापूरच्या काकू धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या होत्या आणि “बेसनाचं काय एवढं कौतुक” असं सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. रत्नागिरीच्या वहिनी काहीच बोलल्या नव्हत्या, ते मला जास्त संशयास्पद वाटलं. पुण्याच्या काकू ‘रुचिरा’ची 1970 च्या दशकातली जुनी प्रत पिशवीत घेऊन फिरत होत्या, वाद झाला तर दाखवायला. लेखिका कमलाबाई ओगले स्वर्गातून साक्षीला येणार होत्या जणू.

तेवढ्यात दुसरी आरोळी आली: चहाचं दूध संपलं! मोठा डबा, अर्धा तरी भरलेला होता, रिकामा. आई, पाटोड्या गेल्या तेव्हा लोकांनी मला सहानुभूती दाखवली. दूध गेलं तेव्हा मात्र सभा भरली.

आणि मग तो रुमाल. स्वयंपाकघरामागे एक अरुंद मोरी आहे, तिथं खुंटीला भांडी पुसायचा पांढरा रुमाल लटकत होता, ओला, आणि त्यावर लालभडक डाग. वहिनी किंचाळल्या, “रक्त!” पुण्याच्या काकू म्हणाल्या, बीट. सोलापूरच्या म्हणाल्या, कुंकू सांडलं असेल. कुणी तरी म्हणालं, पोलिसांना फोन करा. मी ढाणकीला केला.

यापुढचं तुम्ही अर्धं ऐकलंत. आजीनं कॅमेऱ्यात रुमाल पाहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “कायचं रक्त, बापा! त्याच्यावर लिंबू पिळ.” लिंबू होतंच. पिळलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल डाग पिवळाधम्मक झाला. आजी म्हणाली, “हाव ना! हळद हाय ते. मायीच हळद हाय. साबण लागला की लाल, आंबट लागलं की पिवळी. कुंकू कायचं करत होतो आम्ही? हळदीले चुना लावून.”

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मंडळाच्या अध्यक्षांनी पीएचडी रसायनशास्त्रात केली आहे. ते म्हणाले, “बरोबर, करक्युमिन.” आजी म्हणाली, “करकु कोण? त्यानं खाल्ल्या का?”

ऐकून माझी छाती फुगली. आगाथा ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधालयात काम करत होत्या. तिथं विषांची माहिती झाली आणि त्यावर त्यांनी जन्मभर कादंबऱ्या लिहिल्या. आमच्या आजीला एक हळद माहीत आहे: मृगाच्या आसपास लावायची, थंडी सरता सरता खणायची, शिजवायची, उन्हात वाळवायची, घासून पॉलिश करायची. तेवढ्यावर तिनं इंग्लंडात गुन्हा उलगडत आणला.

पण अडचण अशी की हळदीकुंकू चालू होतं. हळद प्रत्येक बाईच्या बोटाला होती. म्हणजे रुमालाला हात पुसणारी कोणीही असू शकत होती. वीसेक संशयित, सगळ्या एकमेकींच्या बोटांकडे बघत होत्या आणि सगळ्यांनी हात पदराआड घेतले होते.

तेव्हा माझी धाकटी लेक पुढे आली. नऊ वर्षांची आहे, पण अंगात वकील शिरलाय. म्हणाली, “सगळे साबण सारखे नसतात.” तिनं बायकांच्या न्हाणीघरातला पिचकारीचा पातळ साबण आणला. माझ्या हळदीच्या बोटावर लावला. पिवळं ते पिवळंच. मग मोरीतली घासून चपटी झालेली जुनी साबणाची वडी आणली. दुसऱ्या बोटाला लावली, बोट लाल. अध्यक्ष म्हणाले, पातळ साबणात हल्ली खार जवळजवळ नसतो, वडीत असतो. म्हणजे ज्यानं पाटोडी खाल्ली त्यानं हात मोरीत धुतला. आणि मोरीकडे आमच्यातलं कुणी फिरकलंच नव्हतं. तिथं दिवा कुठं लागतो हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

आजी तिकडून ओरडत होती, “पोरी, तू जेवलीस का?” धाकटी म्हणाली, “भूक नाही.” मग आजी माझ्याकडे वळली: “पाय, लग्नात लाडू कोण चोरते? पावणे नाई. पावण्यायले आपण मोजतो. आचारी नाई, त्याच्यावर मामाचा डोया असते. लाडू खाते मांडववाला! तो कोठीच्या मांगंच उभा असते अन् त्याले कोणी मोजत नाई. तू तुया मांडववाल्याले…” आणि रेंज गेली.

इथं मांडव कुठला! आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तुमचे जावई म्हणाले, आजींना वाटतंय आपण तंबूत आहोत. पण धाकटीनं खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर हॉलचा राखणदार खुर्च्यांची गाडी ढकलत होता. सत्तरीचा, मिशाळ, अंगात लोकरी बंडी. सकाळी सात वाजता त्यानंच कुलूप उघडलं होतं, टेबलं त्यानं लावली होती, बल्ब त्यानं बदलला होता, आणि आमच्या पन्नासेक माणसांत तो कुणालाही दिसला नव्हता. त्यातून आम्ही गृहीत धरलेलं की इंग्रज माणूस आणि तिखट, छे!

पुरावा हवा म्हणून अध्यक्षांनी दारामागची अपघात नोंदवही काढली. इथं बहुतेक हॉलमध्ये ती असते. बोट कापलं, पाय घसरला, की वेळ घालून लिहायचं. शेवटची नोंद त्याच दुपारची, सुबक अक्षरात. मराठीत सांगायचं तर अशी: ‘2 वाजून 5 मिनिटे. हात धुऊन पुसताना रुमालावर रक्त आढळले. दोन्ही हात तपासले. जखम सापडली नाही. बरे वाटते आहे.’

बाबा, मी हसत हसत त्या नोंदवहीवरच बसले.

त्याला बोलावलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला (साबणाशिवाय). त्याला वाटलं ती पिवळी फज आहे, इथं चौकोनी कापलेली एक मिठाई मिळते तशी, आणि ताट पाहुण्यांसाठी ठेवलंय. पहिली तोंडात टाकली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. समोर दूध दिसलं, ते प्यायला. आग शमली, आणि मग, त्याच्याच शब्दांत, तोंडाला पुन्हा ती आग हवीशी वाटू लागली. म्हणून दुसरी. मग दूध. मग तिसरी. पाच झाल्या, तेव्हा दूध संपलं आणि तो थांबला. तीन वेळा सॉरी म्हणाला, दुकानातून दुधाचे दोन डबे घेऊन आला आणि मला हळूच विचारलं, पुन्हा कधी करणार?

स्पर्धेत सोलापूरच्या काकूंचा पहिला नंबर आला. धपाटे होतेच तसे, खोटं कशाला बोलू. मला उत्तेजनार्थ, आणि तेही अर्धं आजीसाठी होतं असं अध्यक्ष म्हणाले. आजीला म्हणावं, आमच्या इथल्या बायका आता काहीही हरवलं की “ढाणकीला फोन लावा” म्हणतात. परवा एकीचं कानातलं सापडत नव्हतं. तुम्हाला रात्री साडेअकराला फोन आला होता का? मी नंबर दिला नाही हं, तुमच्या जावयांनी दिला.

आता शेवटचं, आणि हे फक्त आजीला वाचून दाखवा.

राखणदार पाच म्हणाला. रुमालावरच्या डागाची मिनिटासकट नोंद करणारा माणूस पाटोड्यांच्या आकड्यात चुकणार नाही. गेल्या होत्या सहा. मी ते सोडून दिलं होतं, म्हटलं मोजतानाच एखादी इकडची तिकडे झाली असेल.

काल कपडे धुतले. मशीनमधून धाकटीची पांढरी लोकरी बंडी काढली तर उजव्या खिशाच्या तळाशी टपोरा लाल डाग. पावडरीत खार भरपूर असतो ना. मी स्वयंपाकघरात गेले, लिंबू आणलं, पिळलं.

पिवळा.

तिला अजून काही बोलले नाही. साबणाचं तिला इतक्या चटकन कसं सुचलं, याचा मी आता विचार करते आहे. ती मोरीत हात धुऊन आलेली असणार, आणि लाल झालेले हात बघून शहाणी झालेली असणार. आणि आजीनं नेमकं त्याच वेळी तिला जेवलीस का विचारलं होतं. आजीला विचार, आई, तिला तेव्हाच कळलं होतं का? कळलं असेल तर धाकटीला काय बोलायचं तेही तिनंच सांगावं. तोवर बंडी दोरीवर वाळत घातलेली आहे, खिसा आतल्या बाजूनं करून.

यंदाची हळद शिजवून झाली की अर्धा किलो जास्त पाठवा. राखणदाराच्या बायकोलाही हवी आहे.

तुमची,
थोरली

ता. क. बाबा, रेंजसाठी गच्चीवर जायचं सोडून द्या. पडलात तर तिथं नोंदवही नाही.