भरावकाका

आमच्या नेरुळच्या सोसायटीत भरावकाकांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर सापडतं. साताऱ्याकडून आलेला हा माणूस तीस वर्षं एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता आणि तीस वर्षं त्याने एकच काम केलं : भराव. पारसिकच्या डोंगरातून मुरुमाचे डंपर यायचे, काका शिट्टी मारून ते मागे घ्यायचे, आणि जिथे सकाळी बेडूक असत तिथे पुढच्या दिवाळीपर्यंत सेक्टर असे. मराठीतली बाकीची क्रियापदं त्यांना गरजेपुरती येतात. ‘भरणे’ मात्र ते सर्व काळांत आणि सर्व अर्थांत चालवतात. खाडी भरली, लाइटबिल भरलं, पावसाळ्यात सायनस भरलं. आणि गेली दोन वर्षं, लेकीचा फॉर्म भरला.

लेकीला पर्यावरण धोरण शिकायचं होतं. परदेशात. पदव्युत्तर.

असे भरावकाका आता वाशीपासून पनवेलपर्यंत सेक्टरागणिक आढळतात. कोणी ठेकेदाराकडे होता, कोणी नकाशे काढत होता, कोणाच्या खडी मशीन होत्या. ह्यांनी पाण्याला हटवून शहर वसवलं आणि ह्यांचीच पोरं आता पाण्याचं वकीलपत्र घ्यायला निघाली आहेत. फी हटवणाऱ्यांकडून.

‘ज्वेल’ तलावाभोवती सकाळी फिरताना काकांनी ही बातमी फोडली तेव्हा आमच्या मंडळातल्या एलआयसीवाल्यांनी तत्परतेने विचारलं, “पर्यावरणाची पॉलिसी? मॅच्युरिटी किती वर्षांनी?”

“दोन वर्षं.”

“आणि प्रीमियम?”

काकांनी आकडा सांगितला. एलआयसीवाले राउंड अर्धवट सोडून बाकावर बसले.

मी निवृत्त मास्तर, त्यामुळे सल्ला न विचारता देतो. म्हटलं, अहो, देवनारला टिसमध्ये हवामान बदलाचा अभ्यासक्रम आहे. गोवंडीला उतरायचं की झालं. काका म्हणाले, “मास्तर, हार्बर लाइनवरनं कोणाचं पोरगं परदेशी गेलंय का?” ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्जाचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे एसओपी. मला हा विषय का, माझं ध्येय काय, हे दोन पानांत सांगायचं. वाशीतल्या एका क्लासवाल्याने सल्ला दिला : सुरुवात फ्लेमिंगोने करा. झालं! ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. पण ह्या पक्ष्यांचा खरा संचार अर्जांत आहे. सीवूड्सची प्रत्येक मुलगी लहानपणी आजोबांचं बोट धरून गुलाबी थवे पाहत असते आणि एक दिवस थवा दिसेनासा होऊन तिच्या मनात धोरणाची ठिणगी पडते. हिवाळ्यात फ्लेमिंगो इकडे उतरतात, त्याच सुमारास त्यांचे कागदी थवे तिकडच्या प्रवेश समित्यांवर उतरत असणार. नवी मुंबईत माणसंही राहतात, हे तिकडे कोणाच्या ध्यानात आलं असेल का, शंकाच आहे.

काकांच्या लेकीने मात्र फ्लेमिंगो खोडला. तिने पहिलंच वाक्य लिहिलं, की माझे वडील खाडी बुजवायचे.

मसुदा माझ्याकडे तपासायला आला तेव्हा काका सोबत होते. मी वाक्य वाचून त्यांच्याकडे बघायचं टाळलं. काकांनी चष्मा पुसला, इंग्रजीचा अर्थ माझ्याकडून नीट करून घेतला, आणि म्हणाले, “चूक आहे.” लेक खाली बघत होती. “बुजवतात ती विहीर. खाडीत भराव करतात, तोही थराथराने, पाणी मारून, रोलर फिरवून. आणि होल्डिंग पॉण्डचं कुठंय? लोक म्हणतील हिच्या बापाला काहीच कळत नव्हतं.”

मग तासभर आम्हाला धारण तलाव समजावून घ्यावे लागले. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली. भर पावसात मोठी भरती आली की नाल्यांचं पाणी जाणार कुठे? म्हणून सिडकोने डच पद्धतीचे तलाव केले. भरती चढली की झडपा खाडीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जातं. “आपण रोज सकाळी ज्याला फेऱ्या मारतो ना, तो धारण तलावच. तुम्हाला वाटलं तुमच्या बीपीसाठी बांधलाय?” लेकीने हे सगळं टिपून घेतलं. माझ्या मते त्या अर्जात धोरण म्हणावं असं तेवढंच होतं.

शिफारसपत्रं तीन हवी होती. तिच्या एका प्राध्यापकांनी रिवाजाप्रमाणे सांगितलं, तूच लिहून आण, मी सही करतो. मी जरा नाराज झालो. काकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. “आमची एमबी, म्हणजे मेजरमेंट बुक, अशीच असते. मोजमाप कंत्राटदाराने लिहायचं, साहेबाने सही करायची. फक्त जास्त फुगवू नये, तपासणी लागते.”

प्रवेश मिळाला नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला. नाव घेताना घशातून ‘ख’ काढावा लागतो, काकू सुरुवातीला पाणी आणून द्यायच्या. फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर, राहणं-खाणं वेगळं. शिवाय राहण्याचे पैसे व्हिसाच्या वेळी आधी विद्यापीठाकडे पाठवायचे आणि पोरगी तिथे पोचली की विद्यापीठ ते तिलाच परत देणार. हा व्यवहार मला तीनदा ऐकूनही कळला नाही. काका म्हणाले, “त्यात काय, अनामत रक्कम.”

शिष्यवृत्तीचा शोध झाला. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेल्या निधीचा फॉर्म काकांनी कौतुकाने आणला आणि खालचा मजकूर वाचून घडी घालून ठेवला. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती, म्हणजे फेडायची. “सव्वाशे वर्षं झाली, तरी हिशेब चोख आहे बघा.” शेवटी बँक. तारण म्हणून फ्लॅट. आता हा फ्लॅट उभा कशावर, तर काकांनीच शिट्टी मारून टाकलेल्या भरावावर. जमीन सिडकोची, भाडेपट्टा साठ वर्षांचा, म्हणून गहाण ठेवायला सिडकोचा ना-हरकत दाखला. बँकेचा मूल्यांकन करणारा तरुण आला, त्याने भिंतीवर टकटक केलं आणि विचारलं, “काका, जमीन खचत वगैरे नाही ना?” काकांना आयुष्यात इतका राग आलेला मी पाहिला नव्हता. त्या पोराला चहा मिळाला, पण बिस्कीट नाही.

जामीनदार म्हणून सही माझी. एलआयसीवाल्यांनी काकांच्या दोन पॉलिसी मोडायला मदत केली आणि तिसरी नवीन विकली, कर्जापुरती.

काका एव्हाना ह्या शास्त्रात इतके मुरले होते, की आजूबाजूच्या सेक्टरांतले पालक कागद घेऊन यायला लागले. स्वतःच्या खिशातून परदेशी फी पाठवली तर दहा लाखांपुढे टीसीएस कापतात, शैक्षणिक कर्जातून पाठवली तर नाही. व्याजावर आठ वर्षं सूट, पण जुनी करप्रणाली धरली तरच. हे ते भाजी निवडता निवडता सांगतात. पोरीच्या विषयाचीही लागण झाली. सोसायटीत ओला-सुका कचरा त्यांच्या देखरेखीखाली वेगळा होतो, लिफ्टमधल्या पंख्याचा कार्बन फुटप्रिंट काढतात. लेकीला सोडायला मात्र सहारला तीन गाड्या गेल्या. मी बोललो. “एकदाच जातेय हो,” म्हणाले, आणि उलव्याच्या कापलेल्या डोंगराच्या दिशेने बघत राहिले. तिथे नव्या विमानतळासाठी नदीसुद्धा वळवली. काकांनी तो भराव पाहिला होता. पर्यावरणाबद्दल काही बोलले नाहीत. कॉम्पॅक्शन चांगलं आहे, एवढंच.

परवा रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिथेच होतो. ती नायमेखन नावाच्या गावी वाल नदीच्या काठावर उभी होती, नाकाचा शेंडा लाल. सर्वांना अभ्याससहलीला नेलं होतं. म्हणाली, “बाबा, इथे ह्या लोकांनी बांध साडेतीनशे मीटर मागे सरकवलाय. नदीला जागा परत दिली. पूर आला की पाणी इकडे पसरतं. ह्याच धोरणावर आमचा पेपर आहे.”

काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. “म्हणजे भरलेलं मोकळं केलं?”

“हो, बाबा.”

“भरायला आम्ही ह्यांच्याकडनंच शिकलो,” काका मला म्हणाले. “आता मोकळं करायचं शिकवायला पुन्हा पैसे घेतायत. धंदा करावा तर असा.” मग फोन जवळ ओढला. “तिथे आधी घरं असतील ना गं?”

“होती. पन्नासेक पाडली.”

“त्यांना काय दिलं? सिडकोसारखी साडेबारा टक्के जमीन?”

लेक हसली. मग आपल्याला ते माहीत नसल्याचं तिच्या ध्यानात आलं. “विचारून सांगते.”

“विचार,” काका म्हणाले. “फी भरलीये.”