नावापुढचा मुकुट

आपल्या आरमाराच्या नावापुढचा एक शब्द गेला, याची हुरहुर एखाद्या देशाला त्रेचाळीस वर्षं लागून राहावी, ही गोष्ट मला फार लोभस वाटते. देशांना हळहळायला काहीतरी भव्य लागतं असा आपला समज असतो. गेलेला प्रांत, हरलेली लढाई, कुणीतरी पळवून नेलेला हिरा. कॅनडाचा फक्त एक शब्द गेला होता, 'रॉयल'. १६ ऑगस्ट २०११ रोजी संरक्षणमंत्री पीटर मॅके यांनी हॅलिफॅक्स या जुन्या बंदरात तो परत येत असल्याचं जाहीर केलं. 'मेरिटाइम कमांड' पुन्हा 'रॉयल कॅनेडियन नेव्ही' झाली आणि 'एअर कमांड' पुन्हा 'रॉयल कॅनेडियन एअर फोर्स'. त्या दिवशी कुठल्या जहाजाचा वेग वाढला नाही की कुठलं विमान आदल्या दिवसापेक्षा उंच उडालं नाही. तरीही या एका शब्दासाठी निवृत्त खलाशी आणि वैमानिक वर्षानुवर्षं सरकारचं दार वाजवत होते. अखेर तो मिळाल्यावर त्यांनी चष्मे पुसले असतील, ते काचांवरच्या धुळीमुळे खचितच नव्हे.

शब्द गेला तो काळ मोठ्या उत्साहाचा होता. लेस्टर पिअर्सन पंतप्रधान होते. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी देशानं मेपलच्या पानाचा नवा झेंडा उभारला होता आणि नव्या झेंड्याखाली सगळंच नवं असावं असं वाटण्याचे ते दिवस होते. संरक्षणमंत्री पॉल हेलियर यांनी हिशेब मांडला. तीन दलं म्हणजे तीन कचेऱ्या, तीन कोठारं, तीन तऱ्हेचा खर्च. तेव्हा तिन्ही भावांच्या चुली मोडाव्यात आणि एकच चूल मांडावी. १ फेब्रुवारी १९६८ पासून ही एकत्र कुटुंबाची पद्धत सुरू झाली. घर एक, खर्च एक, आणि कपडाही एकाच ताग्यातला. तो तागा निघाला हिरवा. भूदलाला हिरवा रंग शोभतो, कारण त्याला झाडीत लपायचं असतं. पण भर समुद्रात हिरवा पोशाख घालून उभ्या असलेल्या खलाशानं लपायचं तरी कशात? त्याचा निळा गणवेश गेला, नावातला मुकुट गेला, आणि 'आपण नक्की कोण' हा प्रश्न तेवढा त्याच्याकडे उरला. रिअर ॲडमिरल विल्यम लँडीमोर यांनी कडाडून विरोध केला, तेव्हा १९६६ मध्ये त्यांनाच घरी पाठवण्यात आलं होतं.

या हेलियरसाहेबांवर मला रागावता येत नाही. आल्बर्टा प्रांतातल्या सेंट पॉल नावाच्या लहानशा गावानं परग्रहावरून येणाऱ्या उडत्या तबकड्यांसाठी एक धक्का बांधला. ३ जून १९६७ रोजी त्याचं उद्घाटन करायला संरक्षणमंत्री जातीनं गेले होते. पुढे म्हातारपणी तर, परग्रहवासी आपल्याकडे येऊन गेले आहेत, असं ते जाहीरपणे सांगू लागले. आकाशगंगेतल्या अनोळखी पाहुण्यांसाठी ज्याच्या मनात एवढी जागा होती, त्याला आपल्याच खलाशांची निळ्या रंगाची ओढ उमगू नये, यात दुष्टपणा काही नाही. काही माणसांची नजर जन्मतःच दूरची असते. जवळचं त्यांना पुसट दिसतं.

आणि गंमत अशी, की राणी कुठे गेलीच नव्हती. एलिझाबेथ कॅनडाचीही राणी होती आणि ती तशीच राहिली. जहाजांच्या नावांआधीची 'हर मॅजेस्टीज कॅनेडियन शिप' ही उपाधीही कुणी काढली नाही. म्हणजे आरमार राणीचं नव्हतं, पण त्यातली एकूण एक नौका राणीची होती. हा गुंता त्रेचाळीस वर्षं समुद्रावर तरंगत राहिला आणि कुठेही बुडाला नाही. उलट २०११ मध्ये मुकुट वाटायची वेळ आली तेव्हा भूदलाच्या वाट्याला तो आलाच नाही. 'लँड फोर्स कमांड' झाली ती नुसती 'कॅनेडियन आर्मी'. कारण ती पूर्वीही रॉयल नव्हती, जशी ब्रिटनची आर्मीही नाही. राजानं संसदेच्या संमतीवाचून शांततेच्या काळात फौज बाळगू नये, असं १६८९ मध्ये तिथे ठरलं. तेव्हापासूनचा हा संकोच आहे म्हणतात. पलटणी मात्र खुशाल रॉयल असतात. हातापायांत सोनं घालायचं, गळा मोकळा ठेवायचा, असा हा जुना रिवाज.

नाव मुळात मिळालं होतं तेही मोठ्या थाटात नव्हे. कॅनडाचं आरमार १९१० मध्ये उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी पंचम जॉर्ज यांनी त्याला 'रॉयल' म्हणायची परवानगी दिली. तेव्हा आरमार म्हणजे ब्रिटननं वापरून झालेल्या दोन नौका, 'नायोबी' आणि 'रेनबो'. यातली 'रेनबो' आपल्या ओळखीची आहे. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर मासेमारीची राखण करणाऱ्या या नौकेला जुलै १९१४ मध्ये व्हँकुव्हरला बोलावलं, ते 'कोमागाटा मारू' या जहाजाला बंदराबाहेर घालवून देण्यासाठी. त्यावर ३७६ हिंदी माणसं होती, बहुतेक पंजाबातली, आणि तीही त्याच राजाची प्रजा होती. असा डाग असलेलं हे नाव पुढे अटलांटिकमध्ये धुऊन निघालं की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अवघ्या सहा विनाशिका बाळगणारं ते आरमार युद्ध संपताना लाखाच्या घरात माणसं सांभाळत होतं. 'कॉर्व्हेट' नावाच्या त्यांच्या बुटक्या नौका दव पडलेल्या गवतावरसुद्धा हेलकावे खातील, अशी खलाशांची थट्टा होती. त्यांतली 'सॅकव्हिल' हॅलिफॅक्समध्ये अजून जपून ठेवली आहे. त्या युद्धातून आरमाराची सुमारे दोन हजार माणसं परतली नाहीत. त्यांच्यासाठी 'रॉयल' हा काही राजाचा शब्द नव्हता. आपलं ठिकाण होतं ते.

आपण उलट्या दिशेनं गेलो. आपल्याकडेही 'रॉयल इंडियन नेव्ही' होती, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या 'तलवार' या तळावरून तिच्याच खलाशांनी बंड पुकारलं. २६ जानेवारी १९५० रोजी नावातला मुकुट उतरला आणि कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. तरी मला त्याच आरमारात राहिलेले आमच्या कोकणातल्या शेजारचे आबा आठवतात. त्या बंडाच्या दिवसांत त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता आणि इंग्रजांचं नाव निघालं की त्यांच्या तोंडून सबंध खाडीचा खारटपणा बाहेर यायचा. पण त्यांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर त्या आरमाराची तीन इंग्रजी आद्याक्षरं होती, आणि दर गणपतीला घराची रंगरंगोटी झाली की उरलेल्या पांढऱ्या रंगानं ते ती स्वतः गिरवायचे. 'आबा, इंग्रज गेले, आता हे कशाला?' असं आम्ही पोरांनी विचारलं, तर कुंचला न थांबवता म्हणाले, "इंग्रज गेलो रे. मी खंय गेलंय?"

त्या उत्तरासमोर कॅनडातल्या वादाच्या दोन्ही बाजू मला थोड्या लहान वाटतात. हे वसाहतीच्या दिवसांकडे परत जाणं आहे, असं टीकाकार म्हणाले. हा इतिहासाचा सन्मान आहे, असं स्टीफन हार्पर यांचं सरकार म्हणालं. त्याच उन्हाळ्यात ओटावातल्या परराष्ट्र खात्याच्या दालनातून चित्रकार आल्फ्रेड पेलान यांची दोन चित्रं उतरवून तिथे राणीची तसबीर लावली गेली, आणि ती इमारत नेमकी पिअर्सन यांच्या नावाची. इतिहास अशा कोपरखळ्या मारत असतो. कायद्याच्या पुस्तकात तर 'कॅनेडियन आर्म्ड फोर्सेस' हे एकच दल आजही आहे. म्हणजे चूल एकच राहिली, फक्त भांड्यांवर नावं पुन्हा तिघांची घातली गेली.

माझं मत विचाराल तर बरं झालं. शब्दाला फार खर्च येत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांचं नाव त्यांच्या हयातीत परत मिळावं, एवढा उदारपणा सरकारांना परवडतो. पण १९६८ नंतर भरती झालेला एखादा पोरगा माझ्या मनातून जात नाही. त्यानं हिरवा पोशाख घातला, 'मेरिटाइम कमांड' या रुक्ष नावाखाली तीस वर्षं लाटा खाल्ल्या, आणि त्या नावाचीही त्याला हळूहळू सवय झाली, मग माया. २०११ मध्ये त्याचंही नाव गेलं. त्याच्यासाठी सरकारचं दार वाजवायला कोण जाणार? तेव्हा जुनं नाव परतल्याचा सोहळा कुठेही चालला असेल, तर मंडळी, टाळ्या जरूर वाजवा. फक्त मधल्या नावानं आयुष्य काढलेलं माणूस गर्दीत मागे उभं असेल, त्याला पुढच्या रांगेत बसायला जागा करून द्या.