झगमगाटाचे एफपीएस

गेमिंगचं सामान घ्यायला निघालेला बुलडाण्याचा पोरगा प्रोसेसरची चौकशी शेवटी करतो. आधी लाइट. कीबोर्ड उजळला पाहिजे, माऊस उजळला पाहिजे, कॅबिनेटमधले पंखेसुद्धा. या रंगांनी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, एकानेही वाढत नाहीत; खोली मात्र गणेश मंडळाच्या मंडपासारखी दिसते. रंगांच्या बाबतीत आमच्याच जिल्ह्यातलं लोणार सगळ्यांच्या पुढे. २०२०च्या जूनमध्ये तिथलं अख्खं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं, नाहीतर आमच्याकडे कुणीतरी सेटिंग बदलली म्हणूनच खपलं असतं.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजी या गेमवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये पबजी बीजीएमआय होऊन उगवली, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाली, मे २०२३ मध्ये परतली. गेममध्ये एकदा मेलं की मुकाट लॉबीत जायचं. गेमला स्वतःला हा नियम लागू नसावा.

खुर्चीचं तर बोलूच नका. रेसिंग कारची सीट, मानेला उशी, कमरेला उशी, आणि बसणारा पुढे वाकून स्क्रीनला नाक लावून.

आमच्याच जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस, पीक, राजाची गादी, सगळ्याचं भाकीत होतं. गेमच्या ऐन शेवटच्या सर्कलमध्ये लाइट टिकेल का, हे तेवढं कोणी सांगत नाही. म्हणून म्हणतो, आधी इन्व्हर्टर घ्या. झगमगाट त्यावरही चालतो, थोडा वेळ.